ओमियाची बोन्साय वाडी

आज अखेर ओमियाला जाऊन आले. तोक्योपासून लोकलने तासाभराच्या आत. 1923च्या भूकंपानंतर तोक्योतले बोन्सायवाले चांगली माती, पाणी आणि मोकळी जागा शोधत इथे आले आणि 1925मध्ये ही वाडी वसली. त्यांचे नियम सुरुवातीच्या काळातच ठरलेले: प्रत्येकाकडे किमान 10 बोन्साय हवेत, घर दुमजली बांधायचं नाही, कुंपण झाडांचंच आणि दार सगळ्यांना उघडं. किती सुंदर नियम!

म्युझियममधली मोठी, वयस्कर झाडं बघून हात आपोआप जोडले गेले. पण जीव अडकला तो एका नर्सरीतल्या शोहिनमध्ये, म्हणजे वीतभर उंचीच्या झाडांमध्ये. लाकडी मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर ज्युनिपर. त्याच्या खोडाचा एक भाग वाळून हाडासारखा पांढरा झालेला आणि त्याला बिलगून वर चढणारी जिवंत सालीची तपकिरी पट्टी. खालच्या फळीवर आमटीच्या वाटीएवढ्या निळ्या कुंडीत मेपल, पानं मेथीच्या पानाएवढी. मुळं मातीवर अशी पसरलेली, जणू डोंगरउतारावरचा जुना वृक्षच. प्रत्येक झाडाभोवती मोकळी जागा सोडलेली, त्यामुळे नजर निवांत फिरते.

'झाडाचे हाल करतात' असं आपल्याकडे बरेचजण म्हणतात. मला नाही तसं वाटत. एवढ्याशा मातीला उन्हाळ्यात दिवसातून दोन-तीनदा पाणी लागतं, तेही न चुकता. इतकी माया कुणी उगाच करत नाही.

फोटो काढायला मनाई होती. मी त्या मेपलसमोर अर्धा तास उकिडवी बसून होते.