आमची वाटचाल: रिकामा खोका

आमच्या ॲनिमेशन स्टुडिओची सुरुवात कधी झाली असं कुणी विचारलं, की कागदोपत्री तारीख माझ्या तोंडावर येत नाही. आठवतो तो पहिल्या ग्राहकाचा तीन ओळींचा मेल. त्याआधी दोन वर्षं मी आणि माझा भागीदार सरावाचे तुकडेच करत होतो. उसळणारा चेंडू, चालणारा माणूस, कुणाच्या तरी आवाजावर ओठ हलवणारं पात्र. ॲनिमेशन माझ्याकडे; रिगिंग (पात्र हलवता यावं म्हणून त्याच्या आत सांगाडा बसवणं) आणि रेंडर (संगणकाकडून एकेक फ्रेमचं अंतिम चित्र काढून घेणं) त्याच्याकडे. शोरील, म्हणजे कामाचे नमुने जोडून केलेली फिल्म, बरी झाली होती. बघणारे छान म्हणायचे. पण छान म्हणणाऱ्याचे पैसे गुंतलेले नसतात.

पहिलं पैशाचं काम आलं ते कामगारांच्या प्रशिक्षणासाठीच्या 30 सेकंदांच्या फिल्मचं. एक माणूस जमिनीवरचा जड खोका उचलतो, चार पावलं चालतो, टेबलावर ठेवतो. संवाद नाही, म्हणजे लिपसिंकची कटकट नाही. आम्हाला वाटलं, पहिल्याच चेंडूला फुलटॉस मिळाला.

ब्लॉकिंग केलं, पण ग्राहकाला दाखवलं नाही. या टप्प्यावर फक्त मुख्य पोझ असतात, पात्र एकीतून दुसरीत टुणकन उडी मारतं. असलं कच्चं काम दाखवायची लाज वाटली. सगळं गुळगुळीत करून, प्रकाश लावून एकदम तयार फिल्मच पाठवायची असं ठरवलं. सेकंदाला 24 प्रमाणे 720 फ्रेम, एका फ्रेमला साधारण चार मिनिटं. मशीन 48 तास घरघरत होतं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. पहिली ओळ लोगोच्या रंगाबद्दल, ते पाच मिनिटांचं काम. दुसरी ओळ: ‘खोका रिकामा वाटतो.’ तिसरी त्यांच्या सुरक्षा प्रशिक्षकांची: ‘असा उचलला तर माणसाच्या पाठीत उसण भरेल.’

मी चिडलो. खरं तर पाठीच्या त्या कमानीवरच मी सगळ्यात जास्त वेळ घालवला होता. एका रेषेत वाहणारी पोझ, शिकताना सांगतात तशी. पण फिल्मचा विषयच मुळी वजन नीट कसं उचलायचं हा. गुडघ्यांत वाकायचं, पाठ सरळ ठेवायची, वजन अंगाजवळ धरायचं, वळायचं तर पावलांनी वळायचं. माझा माणूस कमरेत वाकत होता, हात लांब करून उचलत होता आणि टेबलाशी कमरेतच वळत होता. म्हणजे जे करू नका असं शिकवायचं, ते सगळं आम्ही अगदी देखणं करून दाखवलं होतं.

उसण समजली. रिकामा खोका मात्र समजेना. भागीदाराने एका खोक्यात जुनी पुस्तकं भरली आणि म्हणाला, ‘उचल.’ मोबाइलवर शूट केलं. मग तोच खोका रिकामा करून पुन्हा. दोन्ही शॉट फ्रेम फ्रेम पुढे सरकवत बघितले, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. रिकामा खोका हाताबरोबरच सुटतो. भरलेला असला की बोटं आवळतात, कोपरं ताणली जातात, खांदे खाली ओढले जातात, आणि खोका जागचा हलतच नाही. नऊ फ्रेम तो जमिनीवर होता! मग तोल सांभाळायला धड मागे जातं, पावलं आखूड पडतात. ठेवताना आधी खोक्याची एक कड टेकते, मग बोटं काढून घ्यावी लागतात.

माझ्या शॉटमध्ये हात आणि खोका एकाच फ्रेमला निघाले होते. शिवाय रिगमध्ये खोका उजव्या हाताला बांधलेला, त्यामुळे हात हलला की खोका पिसासारखा डुलायचा. आम्ही उलटं केलं: खोका स्वतंत्र हलवायचा आणि दोन्ही हात आयके (पंजा जिथे असेल त्याप्रमाणे कोपर आणि खांदा आपोआप वळवणारी सोय) लावून खोक्याला जखडायचे. माणसाने खोका न्यायच्या ऐवजी खोक्याने माणसाला ओढावं, तसं. दहा दिवस गेले, रेंडरचे आणखी 48 तास गेले, जास्तीचा एक रुपया मिळाला नाही. दुरुस्त्या किती वेळा, हे करारात लिहिलंच नव्हतं.

आता लिहितो. स्टोरीबोर्ड (प्रसंगांची कच्ची चित्रं), ब्लॉकिंग आणि अंतिम रेंडरच्या आधी अशी तीन वेळा लेखी संमती, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे वेगळे पैसे. ब्लॉकिंगमध्ये पात्र टुणटुण उड्या मारतं हे ग्राहकाला आधी फोन करून सांगावं लागतं, नाहीतर तो घाबरतो.

प्रशिक्षकांचं शेवटचं उत्तर आलं, ‘आता बरोबर आहे. फक्त खोका ठेवल्यावर हा माणूस श्वास सोडत नाही.’ ते आमच्या हिशेबात दुरुस्ती म्हणून धरायला हवं होतं, पण धरलं नाही. सहा फ्रेममध्ये खांदे किंचित खाली आणले. अख्ख्या फिल्ममध्ये मला आवडणारी जागा तीच.

दुसरं कामही त्यांच्याचकडून आलं, शिडी चढण्याचं. दोन पाय आणि एक हात किंवा दोन हात आणि एक पाय, असा तीन ठिकाणी आधार कायम हवा, हे त्यांनी आधीच बजावलं. या वेळी ब्लॉकिंगच्या आधीच मी शिडी चढलो आणि भागीदाराने शूट केलं. बघितलं तर तिसऱ्या पायरीवर मी दोन्ही हात सोडून चष्मा सारखा करत होतो.