वोनंगॅटाच्या दरीत कॅम्पर ट्रेलरसह चार दिवस

वोनंगॅटा ही ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यातल्या आल्पाइन राष्ट्रीय उद्यानातली एक लांबट, गवताळ दरी आहे. चारी बाजूंना डोंगर आहेत, डांबरी रस्ता नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि आत उतरणाऱ्या ज्या मोजक्या वाटा आहेत त्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीलाच शक्य आहेत. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात, लेबर डेच्या (येथे तो मार्चमध्ये असतो) सुट्टीची गर्दी ओसरल्यावर, आम्ही मेलबर्नची दोन कुटुंबे तेथे चार दिवस राहून आलो. दोन गाड्यांपैकी आमच्या गाडीमागे कॅम्पर ट्रेलर, म्हणजे मुक्कामाच्या सोयीचा, ओढून न्यायचा ट्रेलर होता. निघण्यापूर्वी ज्यांनी ज्यांनी चौकशी केली त्या सर्वांना चढाची काळजी होती: गाडी एवढे वजन ओढेल का, इंजिन तापणार नाही ना? उताराविषयी एकानेही विचारले नाही, आणि खरे सांगायचे तर मीही त्याचा पुरेसा विचार केलेला नव्हता.

ट्रेलरची माहिती आधी देतो, कारण पुढचे बरेचसे तिच्यावर अवलंबून आहे. आमचा ट्रेलर एका आसाचा असून सामान आणि ८० लिटर पाणी भरल्यावर त्याचे वजन साधारण १,३५० किलो होते. त्यापैकी सुमारे १३० किलो भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर अडकवण्याच्या जागेवर, येतो. एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास हा भार असावा, असा येथला सर्वमान्य हिशेब आहे. ऑस्ट्रेलियात चाकांवर ७५० किलोपर्यंत भार असलेल्या ट्रेलरला ब्रेकची सक्ती नाही. त्यापुढे २,००० किलोपर्यंत निदान एका आसाच्या दोन्ही चाकांना ब्रेक लागतात, आणि त्याहूनही जड ट्रेलरला सर्व चाकांना ब्रेक असून शिवाय ट्रेलर गाडीपासून सुटलाच तर ते आपोआप लागतील अशी व्यवस्था असावी लागते. मधल्या गटातल्या स्वस्त ट्रेलरना पुष्कळदा धक्क्यावर चालणारा ओव्हरराइड ब्रेक असतो: ट्रेलर मागून गाडीला ढकलू लागला की त्या दाबानेच तो लागतो. सपाट रस्त्यावर त्याने काम भागते, परंतु लांब उतारावर ट्रेलर सतत ढकलत राहिल्यामुळे तो लागूनच राहतो आणि तापतो, आणि गाडी मागे घसरू लागली तर त्याचा काहीच उपयोग होत नाही. डोंगरातल्या वाटांसाठी विजेवर चालणारे ब्रेक आणि चालकाच्या हाताशी त्यांचा स्वतंत्र कंट्रोलर एवढी किमान तयारी असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

जोडणीबाबतही तेच. गाडीच्या मागे असलेल्या ५० मिलिमीटरच्या नेहमीच्या गोळ्यावर बसणारे कपलिंग, म्हणजे ट्रेलरचे जोडणीचे तोंड, ठरावीक कोनापलीकडे वळू शकत नाही. वाटेवरच्या मातीच्या बांधावर गाडीचे नाक खाली आणि ट्रेलरचे वर अशी अवस्था झाली की ते अडकते किंवा वाकते. आमच्याकडे तिन्ही दिशांना मोकळे फिरणारे ऑफ-रोड कपलिंग होते. ट्रेलरची चाके गाडीच्याच मापाची असावीत, म्हणजे एकच स्टेपनी दोघांना चालते; ही गोष्ट ट्रेलर विकत घेतानाच पाहावी, नंतर ती महागात पडते.

दरीत उतरणाऱ्या बहुतेक वाटा हिवाळ्यात बंद असतात. साधारणपणे जूनमधल्या राजाच्या वाढदिवसाच्या सुट्टीनंतर फाटके लागतात आणि मेलबर्न कपच्या सुट्टीच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबर संपता संपता किंवा नोव्हेंबर लागता लागता, ती उघडतात. उघडल्यावर पहिले काही आठवडे माती ओली असते आणि पडलेली झाडे वाटेत असतात. डिसेंबर ते फेब्रुवारीत वणव्याचा धोका मोठा असतो. म्हणून ट्रेलर घेऊन जायचे तर मार्च आणि एप्रिलचा पूर्वार्ध मला सर्वांत योग्य वाटतो. उद्यानाच्या संकेतस्थळावर वाटांची स्थिती निघण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा पाहावी. राष्ट्रीय उद्यानात कुत्रा नेता येत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो, कारण आमच्या मित्रांना ते शेवटच्या संध्याकाळी कळले आणि कुत्र्याची सोय लावण्यात निघायला दोन तास उशीर झाला.

मेलबर्नपासून लिकोलापर्यंत सुमारे अडीचशे किलोमीटर डांबरी रस्ता आहे. आम्ही लिकोलाच्या अलीकडे, हेफील्ड येथे डिझेलच्या टाक्या काठोकाठ भरल्या आणि शिवाय २० लिटरचा एक कॅन घेतला. ट्रेलरमुळे आमच्या गाडीला महामार्गावर नेहमीच्या सव्वापट डिझेल लागते. लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरमध्ये) तर ‘किलोमीटरला इतके’ हा हिशेबच सोडून द्यावा लागतो. लिकोलानंतर तांबोरिता रस्ता आणि मग हॉविट रस्ता, असे कच्च्या रस्त्याने पठारावर चढायचे असते. हा टप्पा रुंद आणि सोपा आहे. वर हॉविट प्लेन्सची मोकळी माळराने आणि पांढुरक्या बुंध्यांची वाकडीतिकडी स्नो गमची झाडे लागतात. तेथे एक रात्र काढून सकाळी ताजेतवाने होऊन खाली उतरावे. दुपारी तीननंतर ट्रेलरसह या उताराला हात घालणे शहाणपणाचे नाही.

दरीत उतरण्यासाठी आम्ही झेका स्पर ही वाट निवडली. अंतर म्हणाल तर विसेक किलोमीटर, परंतु आम्हाला तीन तास लागले. वरच्या फाट्यावर टायरमधली हवा कमी केली: गाडीच्या पुढच्या चाकांत २०, मागच्या चाकांत २२ आणि ट्रेलरच्या चाकांत २० पीएसआय. ट्रेलरची हवा कमी करायला लोक विसरतात. मग तो दगडांवरून उड्या मारत येतो आणि आतल्या बरण्यांचा चुरा होतो. त्यानंतर लो रेंज, पहिला गिअर, आणि ब्रेकच्या पायाला शक्य तेवढी विश्रांती. बिनट्रेलरची गाडी शंभर-दोनशे मीटर पुढे ठेवली आणि गाड्यांमधल्या बोलण्याच्या रेडिओवर तिच्याकडून वाटेची वर्णने घेत गेलो. ही वाट खडकाळ आहे, मधूनमधून दगडी पायऱ्या आहेत, आणि पावसाच्या पाण्याने माती वाहून जाऊ नये म्हणून वाटेवर आडवे मातीचे उंच बांध घातलेले आहेत. दगडी पायऱ्यांनी पाहताना छाती दडपते, पण त्रास दिला तो बांधांनी.

बांध ओलांडताना गाडी पलीकडे उतरत असते तेव्हा ट्रेलर अजून अलीकडे चढत असतो, आणि दोहोंमधली दांडी बांधाच्या माथ्यावर टेकते. चौथ्या की पाचव्या बांधावर खरखर आवाज झाला. दांडी घासली असेल म्हणून मी दुर्लक्ष केले. पुढच्या उतारावर मात्र गाडी मागून कोणी खांद्याने रेटावी तशी पुढे सरकू लागली, आणि पहिल्या गिअरमधले इंजिन ओरडू लागले. कंट्रोलरकडे पाहिले तर त्याचा दिवा विझलेला. ट्रेलरच्या विजेच्या जोडणीचा प्लग बांधावर घासून निघाला होता आणि १,३५० किलोंचा तो ऐवज कसल्याही ब्रेकशिवाय आमच्या मागे लोंबत होता. अशा वेळी पाय आपसूक ब्रेकवर जोरात पडतो, आणि तेच करायचे नसते: सुट्या खडीवर गाडीची चाके लॉक झाली की ट्रेलर तिला बाजूला ढकलून कात्रीसारखा दुमडतो. सुदैवाने वीसेक मीटरवर वाट थोडी सपाट होत होती. ब्रेक हलका दाबत आणि सोडत तेथवर गाडी नेली, थांबवली, आणि पत्नीने ताबडतोब उतरून चाकांना दगडांच्या उट्या, म्हणजे गाडी घरंगळू नये म्हणून अटकाव, लावल्या. मालवाहू गाड्यांचे क्लीनर घाटात जे करतात तेच येथेही लागते. आता लाकडाच्या चार उट्या आमच्या गाडीत दाराजवळ, हाताला लागतील अशा ठेवलेल्या असतात.

ट्रेलरची तार लोंबकळू न देता दांडीच्या वरून घ्यावी, प्लग साध्या दोरीने बांधावा आणि प्रत्येक मोठ्या बांधानंतर कंट्रोलरच्या दिव्यावर नजर टाकावी, एवढे केले असते तर हा प्रसंग टळला असता. उतारावर कंट्रोलर मी हाताने चालवतो. गाडीचा वेग इंजिनने रोखून धरायचा आणि ट्रेलरचा ब्रेक स्वतंत्रपणे किंचित लावून त्याला मागे ताणलेला ठेवायचा; दोहोंमधला दुवा ताणात असेल तोवर ट्रेलर सरळ मागोमाग येतो. मात्र ब्रेक इतकाही लावू नये की ट्रेलरची चाके घसरू लागतील, कारण घसरणारे चाक उतारावर वाट्टेल तिकडे जाते. वळणावर गाडी बाहेरच्या कडेने न्यावी लागते, कारण ट्रेलर नेहमी आतून वळण कापतो आणि आतल्या बाजूला बहुधा चर असतो.

निम्म्या वाटेवर समोरून पाच गाड्यांचा ताफा चढत आला. चढणाऱ्याला वाट द्यावी हा येथला रिवाज आहे, परंतु ट्रेलर घेऊन वळणावळणाच्या चढावर मागे जाणे जवळजवळ अशक्य असते. आमच्या पुढच्या गाडीने रेडिओवर आधीच कळवल्यामुळे ते लोक खालच्या रुंद जागेत थांबून राहिले. अशा वाटांवर ४० क्रमांकाच्या चॅनलपेक्षा १० क्रमांकावर उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते. दर थोड्या वेळाने ‘झेका स्परवरून ट्रेलरसह दोन गाड्या खाली येत आहेत’ असे सांगत राहण्यात संकोच बाळगू नये.

खाली पोहोचल्यावर नदी-ओढे ओलांडण्याची घाई होते, कारण मुक्कामाची जागा समोर दिसत असते. तेथे अर्धा तास थांबावे. लांब उतारानंतर ट्रेलरच्या चाकांचे हब, म्हणजे मधले भाग, तापलेले असतात. तसेच ते थंड पाण्यात घातले तर आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते, ज्याने बेअरिंगचे वंगण खराब होते. मी पंधरा मिनिटांतच कंटाळलो. पाणी गुडघ्याच्या खालीच होते, पण हब बुडायला तेवढे पुरते. पाण्यातून निघाल्यावर ट्रेलरचा ब्रेक हलका लावून थोडे अंतर चालवावे, म्हणजे ड्रम कोरडे होतात.

दरीचे वर्णन येथे लांबवत नाही. काँग्लोमरेट क्रीकच्या काठी विस्तीर्ण गवत, जुन्या वसाहतीची कुंपण घातलेली स्मशानभूमी, आणि १९५७ साली जळून गेलेल्या वोनंगॅटा स्टेशनच्या (येथे गुरे पाळण्याच्या मोठ्या मळ्याला स्टेशन म्हणतात) घराची जागा, एवढे पाहण्यात एक दिवस जातो. १९१७च्या अखेरीस या स्टेशनचा व्यवस्थापक जिम बार्कली याचा खून झाला. संशय त्याचा स्वयंपाकी जॉन बॅमफर्ड याच्यावर होता, पण पुढच्याच वर्षी त्याचाही मृतदेह वर हॉविट प्लेन्सवर सापडला, आणि दोन्ही खुनांचा उलगडा आजवर झालेला नाही. आदल्या रात्रीच आम्ही त्या पठारावर झोपलो होतो, हे मुलांना मी मेलबर्नला परत आल्यावर सांगितले.

मूळ बेत असा होता की परत येताना दुसऱ्या बाजूने, वॉम्बॅट स्परच्या वाटेने ईगलव्हेलला उतरून डार्गोमार्गे जावे. तिसऱ्या दिवशी ट्रेलर मुक्कामावर सोडून आम्ही ती वाट मोकळ्या गाडीने पाहून आलो, आणि या प्रवासात घेतलेला सर्वांत चांगला निर्णय तो होता. वाट झेकाइतकी खडकाळ नाही, किंबहुना ती गुळगुळीत आहे. पण उतार लांब आणि तीव्र आहेत, माती चिकण आहे, आणि आदल्या रात्री पडलेल्या हलक्या सरीनेच सावलीतले भाग साबणासारखे झाले होते. मोकळी गाडीसुद्धा दोन ठिकाणी आडवी सरकली. अनोळखी निसरड्या उतारावरून ट्रेलर खाली नेण्यापेक्षा ओळखीच्या खडकाळ चढावरून तो वर ओढणे बरे, असे ठरले. मित्रांचे मत वेगळे होते. एक दिवस ऊन पडू द्यावे आणि मग उतरावे, असे त्यांचे म्हणणे होते. ते कदाचित बरोबरही असेल, पण आमच्याकडे तो एक दिवस नव्हता.

चौथ्या दिवशी झेका चढताना एकदाच अडलो. हिचवरच्या भारामुळे गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात, त्यामुळे एका दगडी पायरीवर ती नुसती फिरू लागली. जोर लावून उडी मारण्याचा मोह होतो; आम्ही तो टाळला, ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलरवरून हाताने दाबून धरला आणि गाडी जागीच स्थिर केली. चढावर अडल्यावर क्लच दाबून गाडी मागे सोडली तर ट्रेलर क्षणात आडवा होतो. पायरीखाली दगड रचले, मागचा डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाके एकत्र फिरवणारी सोय) लावला, आणि दुसऱ्या प्रयत्नात गाडी निघाली. निघाली नसती तर पुढच्या गाडीने पट्ट्याने ओढावे लागले असते. अशा वेळी पट्टा फक्त त्यासाठी बनवलेल्या मजबूत कड्यांनाच बांधावा. ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला पट्टा अडकवू नये. तो तुटून तोफगोळ्यासारखा उडतो आणि या देशात त्याने माणसे मेलेली आहेत.

वर हॉविट रस्त्याला लागल्यावर कॉम्प्रेसरने सहा चाकांत हवा भरायला पाऊण तास लागला. घरी आल्यावर ट्रेलरची दोन्ही चाके काढून हब उघडले. उजवीकडचे वंगण स्वच्छ होते. डावीकडचे दुधाळ झाले होते, म्हणजे पाणी आत शिरले होते. बेअरिंग धुऊन नवे वंगण भरले आणि सील बदलले.