तहान ओलाव्याची, पाजलं तेल

मे महिन्यात दुरुस्तीला आलेली ती अकूस्टिक गिटार केसमधून काढली आणि आधी वास आला. ऑइलपेंटचा जुना डबा उघडल्यावर येतो तसा, जवसाच्या तेलाचा. फ्रेटबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लाकडी पट्टीवर, बोट टेकवलं, तर ते चिकटून सुटलं. त्या पट्टीवर आडव्या बसवलेल्या धातूच्या फ्रेटांच्या कडेने हिरवट काळी रेघ धरलेली. लाकडाच्या रेषा कुठेच दिसत नव्हत्या.

मुलगा कॉलेजातला. म्हणाला, "काका, उन्हाळ्यात फ्रेटांची टोकं हाताला टोचायला लागली. लाकूड कोरडं पडलंय, तेल लाव, असं एकाने सांगितलं. दोन वर्षं दर महिन्याला लावतोय. तरी टोचतातच."

त्या शेवटच्या वाक्यात सगळं निदान होतं. फ्रेटबोर्ड शिसवी होता. हवा कोरडी झाली की लाकूड रुंदीत आकसतं, धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, म्हणून त्याची टोकं बाहेर डोकावतात. लाकडातून गेलेला असतो तो पाण्याचा अंश, आणि तो हवेतूनच परत येतो. तेल वरवरच्या छिद्रांत बसतं, रंग गडद करतं, घाम आणि मळ आत मुरू देत नाही. ओलाव्याची जागा ते घेऊ शकत नाही.

त्यातून हे जवसाचं तेल. ते उडून जात नाही, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. पहिला थर वाळायच्या आत दुसरा दिला की मध्ये डिंकासारखा लगदा राहतो, त्यात बोटांचा मळ बसतो. फ्रेटच्या धातूला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी अजिबात नसते. तांबं, जस्त आणि निकेल असतं. तांबं म्हटल्यावर घाम आणि तेलात ते कळकणारच, कल्हई गेलेल्या पितळेच्या भांड्यासारखं.

तारा सैल करून काढल्या, साउंडहोलवर, म्हणजे गिटारच्या पोटाच्या गोल भोकावर, मास्किंग टेप लावली. एकदम सगळ्या तारा काढू नयेत, असं काहीजण सांगतात, पण एक-दोन दिवसांनी मानेला, म्हणजे फ्रेटबोर्ड बसवलेल्या लांब दांडीला, काही होत नाही. मानेखाली मऊ आधार मात्र हवा. मग विसाव्या फ्रेटजवळ, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, कापडावर नॅप्था, पेट्रोलसारखं झटकन उडून जाणारं द्रावक, घेऊन पुसून पाहिलं. काही स्वस्त फ्रेटबोर्ड काळा रंग दिलेले असतात आणि कापड काळंकुट्ट होतं. तसं झालं तर तिथेच थांबायचं. इथे फक्त तपकिरी मळ आला. स्पिरिट शिसवीवर मी वापरत नाही, ते लाकडाचा स्वतःचाच रंग सोडवतं.

नॅप्थाने वरचा मळ आणि ओलसर तेल निघालं, खिडक्या उघड्या ठेवून, एका वेळी दोनच फ्रेटांमधली जागा घेत. घट्ट झालेला थर जागचा हलला नाही. जुन्या एटीएम कार्डाची कडही त्यावरून घसरली. शेवटी एकधारी ब्लेड घेतलं, त्याचे दोन्ही कोपरे दगडावर घासून बोथट केले, जवळजवळ उभं धरून लाकडाच्या रेषेच्या दिशेने अलगद ओढलं. ब्लेड आडवं झालं की लाकूड सोलतं. थर चहाच्या भुकटीसारखा निघत गेला, आणि पाचव्या फ्रेटच्या पुढे शिसवीच्या जांभळट तपकिरी रेषा वर आल्या. फ्रेटच्या मुळाशी अडकलेलं काढायला बांबूची टोकदार काडी घेतली. धातूने तिथे ओरखडा उठतो.

नंतर चार शून्य नंबरची स्टील वूल, मानेच्या लांबीच्या दिशेने, हलक्या हाताने. भांडी घासायची तारेची घासणी हे काम करत नाही, ती फार जाड असते. इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप, म्हणजे तारांखालचे आवाज पकडणारे चुंबकी भाग, पूर्ण झाकायचे, नाहीतर लोखंडाचे बारीक तंतू चुंबकाला जाऊन चिकटतात.

फ्रेट चकाकले तेव्हा सातव्याचं एक टोक उचललेलं दिसलं. प्लास्टिकच्या हातोडीने टिचकी मारली, इतरांसारखा टणक आवाज न येता बद्द आवाज आला. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचा फ्रेट खाचेत ठोकलेला असतो, आणि ती खाच आता तेलकट होती. तेलावर सुपरग्लू धरत नाही. खाचेत नॅप्था सोडून दोनदा पुसलं, रात्रभर सुकू दिलं, आजूबाजूच्या लाकडाला डाग पडू नये म्हणून मेण चोळलं, मग पातळ ग्लूचा एक थेंब सोडून फ्रेट क्लॅम्पने दाबून ठेवला.

टोचणाऱ्या टोकांना कानस लावायची घाई केली नाही. नव्या तारा चढवून गिटार केसमध्ये ठेवली. भोकं पाडलेल्या साबणाच्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंज आणि शेजारी छोटा डिजिटल आर्द्रतामापक. सुरुवातीला आकडा २८ टक्के. ४५ ते ५० च्या मध्ये आणून आठ दिवस तिथेच राखला. नवव्या दिवशी मानेच्या कडेवरून अंगठा फिरवला तर बहुतेक टोकं आत गेलेली होती. तेलाचा थेंबही न लावता. पहिल्या दोन-तीन फ्रेटांवर तार वाजवताना येणारी खरखरही कमी झाली होती.  उरलेल्या चार टोकांनाच कानस लागली. आधीच सगळी घासली असती, तर पावसाळ्यात लाकूड फुगल्यावर कडेची तार फ्रेटवरून घसरली असती.

सर्वात शेवटी मिनरल ऑइल, पूर्ण फ्रेटबोर्डला दहा थेंब, पाच मिनिटं थांबून कोरड्या कापडाने पुसून. हे तेल वाळत नाही, खवटही होत नाही. अर्ध्या तासाने पुन्हा पुसलं. मुलाने विचारलं, "आता परत कधी लावू?" म्हटलं, वर्षातून एकदा पुरे, तेही लाकूड फिकं दिसलं तरच. मेपलच्या फिक्या लाकडाचा, वर लॅकरचा चकचकीत थर दिलेला फ्रेटबोर्ड असेल तर कधीच नाही, तो नुसता पुसायचा.

त्याच्या घरी जवसाच्या तेलाची फडकी खोक्यात कोंबून ठेवलेली होती. ती त्याच संध्याकाळी बाहेर काढून दोरीवर एकेक सुटी वाळत घालायला सांगितली. त्या तेलाला हवा लागली की ते तापतं, आणि बोळा करून ठेवलेलं फडकं आपोआप पेटू शकतं.