तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, टॉवरमधलं काम का सोडलं

माझी जाऊ विचारते, बरोबरच्या बायका विचारतात, आता तर मुलगापण विचारायला लागलाय, की ते पोळ्यांचं काम का सोडलंस, पैसे बरे होते, माणसं काही वाईट नव्हती. नव्हतीच वाईट. कधी आवाज चढवला नाही, पगार एक तारखेला हातात, दिवाळीला साडी. म्हणून तर सांगायला अवघड जातं, भांडण झालं असतं तर दोन वाक्यात विषय संपला असता.

त्या घरात मी "घरच्यासारखी" होते. म्हणजे काय, तर पाहुणे आले की वीस पोळ्या जादा लाटायच्या आणि त्याचे पैसे मागायचे नाहीत, घरच्या माणसांत कुठे हिशेब असतो. पण मी तापाने पडले की खाड्याचे कापायचे, तिथे हिशेब बरोब्बर. चहा रोज मिळायचा, कान तुटलेल्या कपात, तो सिंकखाली वेगळा ठेवलेला. आणि बाथरूमला जायचं तर चौदाव्या मजल्यावरून खाली, वॉचमनकडचं, तेही सर्व्हिस लिफ्ट येईल तेव्हा, पाळीच्या दिवसात काय होत असेल ते बायकांना वेगळं सांगायला नको. मी पाणीच कमी प्यायचे, आमच्यातल्या कितीतरी जणी हेच करतात, मग मूतखडा नाहीतर लघवीची जळजळ.

शेवटी विचारलं, ताई तुमचं बाथरूम वापरू का. तर हसून म्हणाल्या, अगं सासूबाईंना नाही आवडत, समजून घे ना, तू काय परकी आहेस का.

मी म्हटलं मग परकीच धरा मला, महिना भरला की येत नाही.

जाऊ म्हणते एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी काम सोडतं का. तिला एवढीशी वाटते, वाटू दे. माझ्या सासूबाई भांड्याची कामं करायच्या, 1980 साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली त्यात त्या होत्या, त्यांना कोणी घरच्यासारखी म्हटलं की म्हणायच्या, मग सातबाऱ्यावर नाव लावा! पुढे 2008 ला घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा आला, 18 ते 60 वयाच्या बायकांची नोंदणी होते, चांगलंच आहे, पण रेट किती आणि सुट्ट्या किती हे त्यात कुठेच नाही, ते अजून आपलं आपणच ओट्यापाशी उभं राहून ठरवायचं.

तर आता मी नवीन काम धरताना आधीच बोलून घेते. माणशी रेट, पाहुण्यांचे वेगळे, बाथरूम वापरणार, दिवाळीला साडी नको एक पगार द्या. काहीजण तोंड वाकडं करतात, फार बोलते म्हणतात. बोलते. परवाच एक घर धरलं, टॉवरपेक्षा पैसे कमीच आहेत, त्या बाई म्हणाल्या महिन्याला दोन सुट्ट्या, मी म्हटलं चार, बराच वेळ चाललं आमचं, शेवटी तीनवर आलो आणि सोमवारपासून जाते.