उघडलेला चिपोत्लेचा डबा आणि बर्फाचा ट्रे: माझा अनुभव

चिपोत्ले म्हणजे धुरावर सुकवलेली मेक्सिकोची मिरची. तिच्या बहुतेक पाककृतींत मिरच्या लागतात एक किंवा दोन, आणि डबा येतो १९९ ग्रॅमचा. त्यात सात ते दहा मिरच्या आणि भोवती अदोबो, म्हणजे टोमॅटो, व्हिनेगर आणि लसणाचा दाट रस. एका वेळचा स्वयंपाक झाला की डब्याचा मोठा भाग उरतोच. त्याचं काय करायचं असं विचारलं की सगळीकडून एकच उत्तर येतं: बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा. या सल्ल्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी जिन्नस नीट समजून घ्या. हालापेन्यो मिरची झाडावर पूर्ण लाल होऊ देतात आणि मग लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस सुकवतात. मेक्सिकोच्या उत्तरेला चिवावा राज्यात त्यासाठी पेकानचं लाकूड वापरतात. सुमारे दहा किलो ओल्या मिरचीची एक किलो चिपोत्ले होते. तिचे दोन मुख्य प्रकार. मोरिता ही लहान, जांभळट लाल आणि कमी धुरावलेली. मेको मोठी, मातकट रंगाची आणि जास्त धुरावलेली. मेक्सिकोबाहेर बहुतेक मोरिताच पोहोचते. तिखटात चिपोत्ले आपल्या लवंगी मिरचीच्या जवळपासही जात नाही. तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिल मापात हालापेन्यो २,५०० ते ८,००० एवढीच. तिचं खरं काम धूर देण्याचं. म्हणूनच लाल तिखटाला कोळशाचा धुंगार देऊन तीच चव येत नाही. धुंगार वरवर बसतो, इथे धूर मिरचीच्या गरात मुरलेला असतो. मिरची मिळतच नसेल तर स्पेनची धुरावलेली पाप्रिका घ्या, आणि तिखटासाठी वेगळी मिरची घाला.

डबा उघडला की सगळा एकदमच वाटायचा. देठ राहिले असतील तर काढा, मिरच्या रसासकट मिक्सरमध्ये घाला, पाणी घालू नका. साधारण १८० मिली, म्हणजे १५ मिलीचे बारा मोठे चमचे पेस्ट होते. पाककृतीत ‘एक चिपोत्ले आणि थोडा अदोबो’ असं लिहिलेलं असेल तर एक मोठा चमचा पेस्ट धरा. चार माणसांच्या भाजीला किंवा सूपला तेवढी पुरते. उघडा डबा तसाच फ्रिजमध्ये ठेवू नका. व्हिनेगर आणि मीठ पत्र्यावर काम करतात, धातूची चव उतरते. काचेच्या बरणीत, कोरडा चमचा वापरून, आठवडाभर पेस्ट निर्धास्त वापरता येते. प्रश्न असतो त्यानंतरचा.

तर, बर्फाचा ट्रे. पहिली अडचण मापाची. साध्या ट्रेच्या एका खणात जवळपास ३० मिली मावतं, म्हणजे दोन चमचे. एका भांडंभर सूपमध्ये ते फार होतं, आणि गोठलेला ठोकळा अर्धा करायला सुरीवर जोर द्यावा लागतो. खण अर्धे भरायचे तर चिकट पेस्ट कडांना लागते आणि माप चुकतं ते चुकतंच.

दुसरी अडचण मोठी आहे आणि तिचा उल्लेख कोणीच करत नाही. ही पेस्ट पाण्यासारखी टणक गोठत नाही. तिच्यातलं मीठ, साखर आणि व्हिनेगर गोठणबिंदू खाली आणतात. फ्रीजर उणे १८ अंशांवर असला तरी ठोकळ्याचा मधला भाग चिवट राहतो. ट्रे पिळला की बर्फ टुणकन सुटतो, ही पेस्ट सुटत नाही; अर्धी वर येते, अर्धी तळाशी. ट्रे गरम पाण्यात बुडवला तर बाहेरची बाजू वितळते आणि पिशवीत भरल्यावर सगळे ठोकळे परत एकमेकांना चिकटतात. सिलिकॉनचा ट्रे घेतला तर ठोकळे सुटतात हे खरं, पण धुराचा आणि लसणाचा वास सिलिकॉनमध्ये जाऊन बसतो. साबण, सोडा, ऊन, काहीही करा, त्या ट्रेमधला पुढचा बर्फ सरबतात घालण्याच्या लायकीचा राहत नाही.

तिसरी अडचण उघडेपणाची. ट्रेला झाकण नसतं. आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रीजरमध्ये कोरडी हवा सतत फिरते, ती पेस्टचा वरचा थर वाळवते आणि जाताना धुराचा वास आइस्क्रीमपर्यंत पोचवते. ज्या वासासाठी ही मिरची आणली तोच असा उडून जातो. इतक्या सगळ्यानंतर ‘सोयीचं’ हा शब्द ट्रेला लावणं मला पटत नाही.

खरी सोय पातळ पाटीत, म्हणजे पिशवीत सपाट गोठवलेल्या थरात आहे. झिप लागणारी जाड फ्रीजर पिशवी घ्या, साधारण १८ सेंटीमीटर रुंद. तिचं तोंड बाहेर दुमडा, म्हणजे झिपला पेस्ट लागणार नाही. झिपला लागली की पिशवी कधीच नीट बंद होत नाही. बारा चमचे पेस्ट आत घाला, हवा दाबून काढा, बंद करा आणि हाताने १८ बाय १८ सेंटीमीटरचा चौकोन पसरवा. जाडी साधारण अर्धा सेंटीमीटर येते. मग सुरीच्या पाठीने किंवा लाटण्याच्या टोकाने पिशवीवरूनच उभ्या तीन आणि आडव्या दोन रेघा दाबा. बारा खण पडतात, प्रत्येक खण एक चमचा. पिशवी सपाट ताटात ठेवून फ्रीजरमध्ये. तासाभराने काढून त्याच रेघा पुन्हा दाबायच्या, कारण मऊ असताना पेस्ट परत रेघांत सरकते. ही दुसरी दाबणी टाळली तर तुकडे वेडेवाकडे मोडतात.

एवढ्या कमी जाडीत पेस्ट थोडी चिवट राहिली तरी रेघेवर मोडते. पिशवी ताटातून काढल्या काढल्या मोडा. बाहेर दोन-तीन मिनिटं राहिली तर ती वाकते, मोडत नाही. पिशवीवर तारीख लिहा आणि ती दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात घाला. जागा फ्रीजरच्या मागच्या बाजूला. दारात तापमान सारखं वर-खाली होतं. चार ते सहा महिन्यांत संपवावी. त्यानंतर ती बिघडते असं नाही, पण धुराचा वास मंद होत जातो. एकदारी फ्रिजमधला बर्फाचा कप्पा तितका थंड नसतो, तिथे पाटी मोडण्याइतकी घट्ट होणार नाही. तिथे बेकिंग पेपरवर एकेक चमच्याचे गोळे ठेवायचे, गुंडाळायचे आणि हवाबंद डब्यात भरायचे. वीज गेली आणि पेस्टमध्ये अजून बर्फाचे कण असतील तर पुन्हा गोठवायला हरकत नाही.

एक गोष्ट आपल्या लोकांसाठी मुद्दाम. वर तेलाचा थर ओतून पेस्ट ओट्यावर ठेवू नका. लोणचं टिकतं ते भरपूर मिठामुळे आणि आंबटपणामुळे. या पेस्टमध्ये मीठ त्या मानाने फार कमी आणि लसूण, कांदा, टोमॅटो आहेत. तेल हवा अडवतं, त्यामुळे बुरशी कमी होईल. पण बोट्युलिझमचे जंतू हवा नसतानाच वाढतात. कारखान्यातला बंद डबा उष्णतेने निर्जंतुक केलेला असतो, घरची बरणी तशी नसते.

सुकी मोरिता मिळाली तर पेस्ट घरी करा. मिरची लवचिक हवी. चुरा होणारी असेल तर जुनी आहे. ६० ग्रॅम मिरच्यांचे देठ काढा, निम्म्या बिया झटका, तीन कप पाण्यात मंद आचेवर अर्धा तास उकळा. सालं बोटाने दाबली जायला हवीत. उकळलेलं पाणी चाखून बघा, कडू असेल तर टाकून द्या. मिरच्यांबरोबर २५० ग्रॅम भाजलेले टोमॅटो, अर्धा कांदा, पाच लसूण पाकळ्या, अर्धा कप सफरचंदाचं व्हिनेगर, ३० ग्रॅम गूळ, एक चमचा मीठ, अर्धा चमचा ओरेगानो आणि पाव चमचा जिरं वाटा. हे चमचे चहाचे. मेक्सिकोत यात पिलोन्सियो घालतात. तोही उसाचा न गाळलेला गूळच, त्यामुळे आपला गूळ इथे तडजोड म्हणून येत नाही, तो हक्काचा आहे. मेक्सिकोचा ओरेगानो मात्र पिझ्झावरच्या ओरेगानोपेक्षा वेगळ्या वनस्पतीचा असतो. दोन मोठे चमचे तेलात मंद आचेवर २०-२५ मिनिटं परता. शिंतोडे उडतात, झाकण तिरकं ठेवा, खिडकी उघडी ठेवा; व्हिनेगर आणि मिरचीच्या वाफेचा ठसका जबरदस्त लागतो. पूर्ण गार झाल्याशिवाय पिशवीत भरू नका, नाहीतर आत पाणी धरतं आणि बर्फाचे कण होतात.

वापरताना नियम एकच मोठा: पेस्ट तेलात परतायची, नुसत्या पाण्यात कालवायची नाही. तिखट आणि धुराचे घटक तेलात उतरतात, शिवाय व्हिनेगरचा कच्चा वास जातो. कांदा मऊ झाल्यावर गोठलेला तुकडा घाला. नुसत्या तापल्या तेलात टाकला तर तडतडतो. मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं, तेल सुटेपर्यंत. रंग काळपट व्हायला लागला की थांबा, पुढे कडवट होते. वेगळं मीठ शेवटी घाला, डब्यातल्या अदोबोत ते आधीच असतं.

मेक्सिकोतल्या पुएब्लाची तिंगा ही या पेस्टची सगळ्यात चांगली ओळख. ५०० ग्रॅम चिकन शिजवून तंतू काढा. दोन कांदे उभे चिरून परता, दोन मोठे चमचे पेस्ट, मग भाजून वाटलेले चार टोमॅटो, लसूण, ओरेगानो. रस आटत आला की चिकन घालून पंधरा मिनिटं. तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळीवर वाढा, वर साय आणि आवोकादो. मांस न खाणाऱ्यांसाठी मेक्सिकोत किसलेल्या गाजराची तिंगा करतातच. तीही उत्तम लागते, गाजराच्या गोडीला धूर फार शोभतो.

काळ्या घेवड्यात किंवा राजम्यात पेस्ट दाणे पूर्ण शिजल्यावरच घाला. आंबट पदार्थ आधी पडला तर सालं कडक राहतात आणि मग कितीही शिट्ट्या करा, दाणा मऊ होत नाही. बटाट्यालाही हेच लागू. साय किंवा क्रीम घालायचं तर आच बंद करून. दूध घालूच नका, फाटतं. माशाला लावायची असेल तर अर्ध्या तासापेक्षा जास्त मुरवू नका, व्हिनेगरने मांस भुसभुशीत होतं. माशाच्या ताकोसाठी अर्धा कप मेयोनेझला एक मोठा चमचा पेस्ट आणि लिंबाचा रस. इथे परतायची गरज नाही, मेयोनेझमध्ये तेल असतंच.

आणि मिक्सरचं भांडं लगेच धुवायला टाकू नका. त्यात पाव कप पाणी घालून फिरवा आणि ते पाणी त्याच दिवशीच्या रश्शात ओता. भांड्याला चमचाभर पेस्ट चिकटलेली असते.