तुम्ही विचारलंत म्हणून: ड्राक्माचे डाल्टन

फावल्या वेळात मी एकक-रूपांतराचं एक छोटं ॲप लिहिलं. डावीकडून एक एकक निवडायचं, उजवीकडून दुसरं, उत्तर हजर. वजनांच्या यादीत तोळा आणि रत्तलाच्या पंगतीला प्राचीन ग्रीकांचा ड्राक्मा (नाणं आणि त्याचंच वजन) बसलाय आणि अणुभौतिकीवाल्यांचा डाल्टनही. तेव्हापासून लग्नकार्यात भेटणारे पाव्हणेसुद्धा विचारतात, "अरे, ड्राक्माचे डाल्टन करून कुणाला काय मिळणार?"

काही नाही. मी प्रत्येक एकक फक्त ग्रॅमशी जोडतो, जोड्या आपोआप जमतात. ४० एककं भरली की १५६० रूपांतरं होतात, त्यात असले विजोड संसार असायचेच.

हिशोब अगदी सरळ आहे. कार्बन-१२ च्या एका अणूचा बारावा भाग म्हणजे डाल्टन. एका ग्रॅममध्ये असे ६०२२ वर २० शून्यं इतके डाल्टन बसतात. अथेन्सचा ड्राक्मा साधारण ४.३ ग्रॅमचा. गुणाकार केला की २६ वर २३ शून्यं. संपलं.

पण माझ्या यादीत सुरुवातीला ड्राक्मा ३.४ ग्रॅमचा होता. कुठल्याशा तयार तक्त्यातून मी तो डोळे झाकून उचलला होता. जुनी नाणी जमवणाऱ्या एका काकांनी फोन करून एवढंच विचारलं, "हा ड्राक्मा कुठल्या गावचा?" मी गप्प. बायबलच्या काळात ड्राक्मा आणि रोमन दिनार एकाच मोलाचे धरत, आणि रोमन सम्राट नीरोने इ.स. ६४ च्या सुमारास दिनार हलका करून साधारण ३.४ ग्रॅमवर आणला. माझा आकडा तिथला होता. त्याच्या काही शतकं आधीच्या, पेरिक्लिस या पुढाऱ्याच्या अथेन्सशी त्याचा संबंध नव्हता. त्यात एजिना बेटाचा ड्राक्मा ६ ग्रॅमच्या थोडा वर, तर कॉरिंथचा ३ ग्रॅमच्या आत. कॉरिंथवाल्यांची गंमत अशी की त्यांचं ८.६ ग्रॅमचं मोठं नाणं, स्टेटर, अथेन्सच्या दोन ड्राक्मांएवढंच, पण ते त्याचे भाग पाडत तीन. म्हणजे 'एक ड्राक्मा' म्हणताना गाव सांगितलं नाही, तर उत्तर १७ पासून ३७ पर्यंत कुठेही जातं (पुढची २३ शून्यं सगळ्यांना सारखीच).

मी अथेन्सचा ४.३ भरला, तर माझं ॲप ऐटीत दाखवू लागलं २५.८९५२०५ आणि पुढे आणखी शेपूट. डाल्टन आपल्याला नऊ-दहा अंकांपर्यंत ठाऊक आहे, ड्राक्मा जेमतेम दोन. अथेन्सची माणसं सुटे पैसे गालात धरून बाजारात जात. अशा नाण्याच्या आठव्या अंकाची काय मातब्बरी?

मावसभावाने ग्रीसहून १ युरोचं नाणं आणलं होतं. त्यावर अथेन्सच्या जुन्या चार-ड्राक्मी नाण्यावरचं घुबड आहे, गोल डोळ्यांचं, शेजारी ऑलिव्हची डहाळी. मी ते स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. काटा ७ दाखवी, मग ८, मग परत ७. नाण्याचं खरं वजन ७.५ ग्रॅम. जुनं घुबड याच्या दुपटीहून भारी, १७ ग्रॅमच्या वर.

या विजोड जोडीत मला मनापासून आवडलेली एक गोष्ट आहे. ड्राक्मा चांदीचा. चांदीचे टिकाऊ समस्थानिक (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनांचे अणू) दोनच, १०७ आणि १०९, जवळजवळ निम्मेनिम्मे. चांदी-१०७ च्या अणूत ४७ प्रोटॉन, ६० न्यूट्रॉन आणि ४७ इलेक्ट्रॉन. हे सगळे सुटे करून त्यांच्या वस्तुमानांची बेरीज केली तर ती १०७.८९ डाल्टन भरते. अख्खा अणू मात्र १०६.९१ चाच. जवळपास एक डाल्टन गायब, कारण कण एकत्र बांधले जाताना तेवढी ऊर्जा बाहेर पडली. हाच हिशोब अख्ख्या ड्राक्म्याला लावला तर तूट येते ४० मिलिग्रॅमच्या आसपास. ओबोल, म्हणजे ड्राक्म्याचा सहावा भाग, ७२० मिलिग्रॅमचा. अथेन्समध्ये ओबोलाच्या आठव्या हिश्श्याचंही नाणं होतं, तांदळाच्या कणीसारखं. त्याच्याही निम्म्याला न पोचणारी ही तूट, पण सराफाच्या बऱ्या काट्यावर सहज दिसेल एवढी.

पाव्हण्यांना एवढं ऐकायला वेळ नसतो. त्यांना मी सांगतो, तुम्ही 'दाम' म्हणता ना, तो हाच. ड्राक्मा इकडे येऊन द्रम्म झाला. भास्कराचार्यांच्या लीलावतीत १६ पणांचा एक द्रम्म आहे. द्रम्माचा पुढे दाम झाला, आणि दमडी त्याच घरातली.

आता यादीत ड्राक्मा चार आहेत, प्रत्येकापुढे गाव किंवा काळ लिहिलेला, आणि उत्तर दोनच अंकांत येतं. परवा एकाने तक्रार पाठवली: ॲप बिघडलंय, दशांश स्थळं दिसत नाहीत.