तुम्ही विचारलेत म्हणून: पान पिवळे पडले, कोणते खत घालू?

टाकीत माशांबरोबर जिवंत वनस्पती ठेवणारे ओळखीचे लोक मला बहुधा एकच प्रश्न विचारतात, आणि त्याच्या सोबतीला एका पानाचा अगदी जवळून काढलेला फोटो असतो. पान पिवळे पडलेले असते, त्याला भोके पडलेली असतात किंवा त्याच्या कडा करपलेल्या असतात, आणि खाली एवढेच लिहिलेले असते, ‘काका, कोणते खत कमी पडले?’ मी लगेच उत्तर देत नाही, कारण मला हवी असलेली माहिती नेमकी त्या फोटोत नसते. पान कसे दिसते याच्याही आधी ते रोपावर कुठे आहे, हे कळावे लागते. म्हणून मी संपूर्ण रोपाचा, बुडख्यापासून शेंड्यापर्यंतचा फोटो मागतो.

याचे कारण वनस्पतीच्या व्यवहारात आहे. नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस), पालाश (पोटॅशियम) आणि मॅग्नेशियम ही द्रव्ये वनस्पती जुन्या पानातून काढून नव्या पानाकडे नेऊ शकते, त्यामुळे त्यांचा तुटवडा पडला की शेंडा तरारलेला राहतो आणि खालची पाने झिजतात. लोह, कॅल्शियम आणि बोरॉन ही मात्र एकदा पानात बसली की सहसा हलत नाहीत, म्हणून ती कमी पडल्याची खूण नव्या पानांवर उमटते. एवढे एक पाहिले तरी निम्मे पर्याय गळून पडतात. मग रंगाकडे वळावे. खालची पाने सरसकट पिवळी होत असतील तर संशय नत्रावर जातो. त्यांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग फिका पडत असेल तर मॅग्नेशियमवर. आणि जावा फर्नच्या किंवा हायग्रोफिलाच्या जुन्या पानांना टाचणीने टोचल्यासारखी बारीक भोके पडून त्यांच्या कडा तपकिरी होत असतील तर पालाशवर. आपल्याकडच्या बऱ्याच टाक्यांत मासे दाटीवाटीने असतात, त्यांच्या खाद्यातून आणि विष्ठेतून नत्र व स्फुरद येत राहते, पण पालाश त्या मानाने कमी येते. त्यामुळे पहिला अंदाज म्हणून मी पालाशच धरतो. या भोकांचा आळ बिचाऱ्या गोगलगायींवर येतो. टाकीतल्या नेहमीच्या लहान गोगलगायी बहुतेक वेळा आधीच कुजू लागलेला भाग खातात. धडधाकट पानाला त्या सहसा तोंड लावत नाहीत.

जावा फर्नच्या पानाखाली रांगेने उठलेले काळे-तपकिरी ठिपके पाहूनही अनेकजण घाबरतात, पण ते बीजाणूंचे, म्हणजे फर्नच्या पुनरुत्पादनाच्या कणांचे, पुंजके असतात आणि त्यावर कोणताही उपाय करायचा नसतो.

मुंबईत यापुढचा प्रश्न पाण्याचा. महापालिकेचे पाणी भातसा, तानसा, वैतरणा या तलावांत साठलेले पावसाचे पाणी असते, म्हणजे ते मुळात मऊ, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम बेताचेच असलेले. त्यात काहीजण ‘शुद्ध’ म्हणून घरच्या आरओ यंत्राचे पाणी टाकीत ओततात, तेव्हा उरलेसुरले क्षारही जातात आणि नवी पाने आखडून, वाकडी होऊन येऊ लागतात. मॅग्नेशियमसाठी औषधाच्या दुकानात मिळणारे साधे एप्सम सॉल्ट चिमूटभर पुरते. महाग बाटलीची गरज नाही.

पण हेच पाणी उन्हाळ्यात बदलते. गोरेगावच्या एका परिचितांच्या टाकीत रोटालाची नवी पाने मे महिन्यात पांढुरकी होऊ लागली. शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्या होत्या, म्हणजे लक्षण लोहाचे होते. आणि ते तर लोहाचे खत नियमाने घालत होते, किंबहुना काळजीपोटी मात्रा वाढवत होते. चौकशी केल्यावर कळले की पाणीकपातीमुळे सोसायटीत टँकर येऊ लागला होता. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरने मोजले तेव्हा नळाचा आकडा पूर्वीच्या कितीतरी वर होता, आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, तोही चढला होता. त्यांच्या खतातले लोह ईडीटीए या संयुगात बांधलेले होते. हे बंधन आम्लधर्मी पाण्यात टिकते, पण पीएच सातच्या आसपास किंवा त्यावर गेला की ढिले पडते आणि सुटलेले लोह वनस्पतीला घेता येणार नाही अशा रूपात तळाशी बसते. डीटीपीए संयुगातले लोह थोडे वरच्या पीएचलाही तग धरते. ते थोड्या मात्रेत, पण अधिक वेळा घालायला सुरुवात केल्यावर पुढची पाने हिरवी आली. आधीची पांढुरकी पाने तशीच राहिली, आणि हे सगळ्यांनाच सांगावे लागते: बिघडलेले पान बहुधा सुधारत नाही, म्हणून उपाय लागू पडला की नाही हे पुढच्या दोन-तीन आठवड्यांत येणाऱ्या पानांवरून ठरवायचे असते.

खतांच्या आधी ज्याचा विचार व्हायला हवा आणि सहसा होत नाही, तो आहे कार्बन. वाढ सर्वांत तुटपुंज्या घटकावर अडते, हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम टाकीलाही लागू आहे, आणि कार्बन डायऑक्साइडचा वेगळा पुरवठा नसलेल्या टाकीत अडणारा घटक अनेकदा तोच असतो. मुंबईच्या उन्हाळ्यात पाणी सहज 30 अंशांवर जाते. तापलेल्या पाण्यात वायू कमी विरघळतो आणि त्याच वेळी वनस्पतीचा श्वसनाचा खर्च वाढतो. अशा वेळी दिवा दहा-बारा तास जळत असेल तर पानांवर शेवाळ चढते आणि मालक खत वाढवतो. मी सांगतो की दिवा सहा-सात तासांवर आणा, झाकण उघडून पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. दमट हवेत त्याने कोरड्या गावांइतका फरक पडत नाही, पण एक-दोन अंशही उपयोगी ठरतात.

नव्याने आणलेल्या रोपांना मात्र हे निदान लावूच नये. क्रॉफर्ड मार्केटमधून किंवा कुर्ल्याहून आणलेली पुष्कळ रोपे रोपवाटिकेत पाण्याबाहेर वाढवलेली असतात, आणि हवेतली पाने बुडाल्यावर गळणे हे ठरलेलेच आहे. अनुबिआस याला अपवाद, कारण त्याची पाने टिकतात. ते सडत असेल तर त्याचे आडवे खोड वाळूत पुरले आहे का, ते पाहा. क्रिप्टोकोरिनची तऱ्हा आणखी वेगळी. सह्याद्रीच्या ओढ्यांत आणि नदीपात्रांत तिच्या काही जाती रानात वाढतात, पण टाकीत जागा, पाणी किंवा प्रकाश बदलला की सगळी पाने दोन दिवसांत गिळगिळीत होऊन विरघळतात. लोक रोप मेले समजून ते उपटून टाकतात. विरघळलेली पाने कापून काढावीत, थोडे पाणी बदलावे आणि मुळे जागची हलवू नयेत; ती घट्ट व पांढरी असतील तर काही आठवड्यांत नवा फुटवा येतो, आणि तोपर्यंत कोणतेही खत वाढवायचे नसते.